धुराळ भरलेला डोंगा

शालिकरामला सल्ला विचारला नाही तर तो न विचारता देई, आणि विचारला तर ऐकणाऱ्याने घरी जायचं विसरावं. साकोलीकडचा कुणबी गडी. बापजाद्यांनी धानाची शेती केली, आणि हा भिलाईला येऊन कारखान्यात वायरमन झाला. शॉपमध्ये माल वाहणाऱ्या बॅटरीच्या ट्रॉल्या होत्या, त्यांच्या चार्जिंग रूममध्ये त्याची ड्यूटी. तिथल्या ॲसिडने त्याच्या खाकी पँटीला इतकी भोकं पडली होती की बायको मथुरा म्हणे, "अजी, हे पँट हाये का चाळणी?" पण ऐट अशी, की अख्खा कारखाना जणू याच्याच खोलीतून निघालेल्या दोन तारांवर चाललाय.

कारखान्याची तिसरी भट्टी पेटली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. एका रविवारी सकाळी फकिरा सेक्टर ६ मधल्या त्याच्या क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसला. फकिरा त्याच्याच गावचा, जातीचा ढिवर, मासेमारी करणाऱ्यांतला. गावच्या तलावात दोघं सोबतच पोहायला शिकले. म्हणजे फकिरा पोहायला शिकला आणि शालिकराम त्याच्या पाठीवर बसून ओरडायला. भिलाईलाही दोघं एकाच गाडीने आले. शालिकरामला कारखान्यात नोकरी लागली, फकिरा बांधकामावर राबू लागला. पण मागच्या मिरगाआधी तो घरावरचे कवेलू फेरायला म्हणून गावी गेला, छपरावर चढला आणि खाली आला तो उजव्या खांद्यावर. हात शाबूत राहिला, पण नावालाच. वर जाईना, जोर धरीना. बांधकामाची मजुरी सुटली आणि तो बायकोला, रुक्माला घेऊन कोहक्यात एका खोलीत दिवस काढत होता.

"मरोद्याच्या तलावात मासे धराचे परवाने देऊन राहिले," फकिरा म्हणाला. "तलावाच्या शामराव साहेबाकडं गेलतो. साहेब म्हणते, एक परवाना, एक डोंगा, एक माणूस. एकट्यानं त्या टोकाले जाऊन जाळं उचलून दाखव. एका हातानं वल्हं मारशीन कसा? उद्या माया तलावात बुडला तं?"

"खरंच हाये त्याचं."

"हाये ना. मी कुठी खोटं म्हणून राहिलो?" फकिराने आपला निर्जीव हात मांडीवर नीट ठेवला. "तेलाचं इंजिन चालत नाही तिथं, पिण्याचं पाणी हाये. शालिक, तुया बॅटरीवर डोंगा चालन का?"

शालिकरामने चहाची बशी खाली ठेवली. असा प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारला नव्हता, आणि कोणी तरी विचारावा म्हणून तो जन्मभर वाट पाहत होता म्हणा ना.

"चालन का म्हणजे? पळन!"

"नाही जमलं तं रुक्माले घेऊन गावी जातो मी."

"गावी जाऊन काय करशीन?"

"दुसऱ्याच्या डोंग्यातले मासे निवडीन."

पंचक्रोशीत फकिरासारखं जाळं टाकणारा नव्हता, आणि तो काठावर बसून बायकापोरांसोबत दुसऱ्याचे मासे निवडणार! त्याने तिथल्या तिथे सायकल काढली, फकिराला मागे बसवलं आणि दुर्ग गाठलं.

दुर्गला पंजाबरावचा कबाडखाना होता. मिलिटरीच्या लिलावातला माल, मोडक्या जिपा, कारखान्यातून निकालात निघालेलं सामान, सगळं तिथे येऊन पडे. पंजाबराव मोठा बोलका माणूस, पण शालिकरामपुढे त्याचीही मात्रा चालत नसे. त्याने आधी ट्रकचा सेल्फ-स्टार्टर पुढे ढकलला. "हे न्या भाऊ. ट्रकचं इंजिन उठवते, तुमचा डोंगा नाही हलवणार?"

"सेल्फ म्हणजे पैलवान," शालिकराम म्हणाला. "एक डाव दाखवते आन् बसते. चार मिनिटं सलग फिरवलं का तापून जळते, वरून सारी बॅटरी पिऊन टाकते. मले पैलवान नाही, हमाल पाह्यजे. दिवसभर वाहणारा."

मग रेल्वेच्या डब्यातल्या पंख्याची मोटर निघाली. ती शालिकरामने हातात घेऊन तोलली आणि परत ठेवली. "हे उन्हाळ्यात मासोळ्याइले वारा घालाले बरी हाये."

शेवटी जिपच्या ढिगातून त्याने एक डायनामो उपसला. पंजाबराव हसला. "अहो, हा करंट तयार करते. फिरवत काई नाही."

"आत करंट दिला का हाच फिरते. हातच्या काकणाले आरसा कायले? बॅटरी आणा." तारा लावल्या, आणि डायनामो घुर्रर्र करून असा फिरला की पंजाबरावचं हसू मिशीतच राहिलं. त्याला सायकलची चेन आणि लहान-मोठी चाकं जोडायची, म्हणजे चाल कमी होऊन जोर वाढेल, आणि खाली पाण्यात लांब दांड्याला पितळी पंखा. सगळा नकाशा शालिकरामच्या डोक्यात तिथे उभ्या उभ्याच तयार झाला होता.

राहिली बॅटरी. पंजाबरावकडे ट्रकच्या चकाकत्या बॅटऱ्या होत्या, वजनाला हलक्या. फकिराचा जीव त्यांच्यावर गेला.

"हात नको लावू," शालिकराम खेकसला. "हिच्या प्लेटा पापडासारख्या. एक झटका द्याचा आन् चालत्या इंजिनाकडून लगेच भरून घ्याचं, एवढंच तिले येते. तू रोज तिले तळापावतर रिकामी करशीन, तं दिवाळीले तिची तेरवी. हे पाह्य, हे आमच्या ट्रॉलीचे सेल. निकालात काढले, पण यायच्यात जान हाये. प्लेट भाकरीवानी जाड. हळूहळू देते, सांजवरी देते."

फकिराने डाव्या हाताने एक सेल उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "लय जड हाये गा. नाकापेक्षा मोती जड होईन."

"जड हाये म्हणून तं घ्याचा. जड म्हणजे शिसं, आन् शिसं म्हणजे दम!"

शितावरून भाताची परीक्षा हा माणूस करत नसे. तो सगळा भात चिवडून पाही. प्रत्येक सेलमधलं पाणी काचेच्या नळीत ओढून पाहिलं, प्रत्येकावर जिपचा दिवा लावून ठेवला, आणि कोणाचा दिवा आधी लाल पडतो ते बघत ठाण मांडून बसला. पंजाबरावने दोनदा चहा पाजला, तिसऱ्यांदा नुसत्याच जांभया दिल्या. उन्हं कलली तेव्हा सहा सेल बाजूला निघाले. सगळे एकाच ताकदीचे. ही निवड अशी झाली होती की आजही कोणी त्यात खोट काढून दाखवावी. शालिकरामची छाती फुगली ती रास्तच फुगली.

चूक झाली ती पुढे.

कोहक्यात फकिराने सरईच्या फळ्यांचा डोंगा बांधून घेतला होता. लांब, अरुंद, हलका. मोटर बसली डोंग्याच्या शेपटाला. आता सेल कुठे ठेवायचे? शालिकरामने क्षणभरही विचार न करता ते उचलले आणि नेऊन ठेवले पार पुढे, नाकाशी. तारा लांब लागल्या तरी चालतील म्हणाला.

शेतकऱ्याच्या पोराला हे कोणी शिकवावं लागत नाही. बंडी भरताना वजन थोडं पुढे पाहिजे, बैलाच्या मानेकडे. त्याला म्हणतात धुराळ. वजन मागे गेलं की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. शालिकरामचा बाप उलाळ बंडी भरणाऱ्याला घरात जेवायला बसू देत नसे. तेव्हा वस्तू चाकाची असो की बिनचाकाची, शालिकरामचे हात वजन पुढेच टाकणार.

फकिरा काठावरून बघत होता. "शालिक, समोर जड वाटून राहिला."

"धुराळच पाह्यजे. उलाळ झाला तं बैल लटकते."

"याले बैल कुठी हाये?"

"मोटर म्हणजे बैल."

"मोटर तं मागं हाये. मंग वजन मागं नको का?"

शालिकरामने आवाज चढवला. "बॅटरीतलं तुले जास्त समजते का मले?" फकिराने मागच्या बाजूला आपले तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे रांगेने मांडले. शालिकराम त्यावरही तणतणला, "हे कबाड कायले?" फकिरा म्हणाला, "मरळ जिती राह्यली पाह्यजे. बाजारात मेल्या मरळीले कोण पुसते?" ढिवराचा डोंगा डब्याशिवाय पाण्यात जात नाही, हे शालिकरामला लहानपणापासून माहीत होतं, पण वजनाच्या नादात सगळंच त्याच्या डोळ्यांत खुपत होतं.

कोहक्याच्या तळ्यात डोंगा सोडला. फकिरा शेपटाशी मोटरचा दांडा धरून, आणि शालिकराम त्याच्या शेजारी. तो काय काठावर उभा राहणार होता? तारांवर हात ठेवून, कान मोटरला लावून बसला. खटका दाबला. आवाज म्हणाल तर सायकलच्या चेनची किरकिर तेवढी. आणि डोंगा निघाला की हो! या काठावरून त्या काठाला, तिथून वळून परत. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनी तोंडात बोटं घातली. शालिकरामने तर मनातल्या मनात पुढच्या डोंग्याचंही डिझाइन करून टाकलं.

काठाला लागल्यावर फकिरा म्हणाला, "एक चक्कर मी एकटा मारून पाहतो."

"कावून? उगीच बॅटरी उतरवतं. भरलेली ठेव, परवा साहेबासमोर लागन." चार्जिंग रूमच्या माणसाला विनाकारण बॅटरी उतरवणं म्हणजे पाप. एकट्याची चक्कर राहूनच गेली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी डोंगा बंडीवर घालून मरोद्याला आणला. बंडी अर्थातच शालिकरामने भरली, धुराळ. शामराव साहेब छत्री घेऊन बांधावर उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण पाण्याच्या बाबतीत भित्रा. रुक्मा डोक्यावर पदर घेऊन थोडी लांब उभी होती. पलीकडच्या टोकाला रुक्माच्या भावाने आदल्या दिवशी फकिराला दुसऱ्या नावेतून नेऊन जाळं लावून दिलं होतं. तिथे जायचं, जाळं उचलायचं, यायचं. एकट्याने.

फकिरा डोंग्यात बसला. शालिकरामने डोंगा ढकलला, खटका दाबला गेला, आणि शेपटाशी पाण्याचा पांढरा फेस उसळला. नुसताच फेस. पंखा अर्धा पाण्यात, अर्धा हवेत, ताक घुसळल्यासारखा आवाज. डोंगा नाक खाली घालून रेड्यासारखा रेटत होता. तलाव मोठा, वारा सुटलेला. एक लाट आली ती सरळ नाकावरून आत, पहिल्या सेलच्या अंगावर.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

शालिकरामच्या तोंडचं पाणी पळालं. परवा तर पळाला होता डोंगा! तीच मोटर, तेच सेल, तोच फकिरा. मग काय कमी झालं? काय कमी झालं? आणि एकदम त्याच्या लक्षात आलं. तो स्वतः कमी झाला होता. परवा फकिराच्या शेजारी, शेपटावर, दीड मणाचा शालिकराम बसला होता. सेलचं वजन केलं, मोटरचं केलं, फकिराचंही केलं. आपलं करायचं राहिलं.

"फकि..." तो ओरडायला गेला, पण रुक्माने पुढे होऊन त्याच्या बाहीला धरलं.

"हाक नका मारू भाऊजी. पाण्यावरच्या माणसाले मागून हाक मारत नाही."

"अवं पण बुडन तो! माया चुकीनं बुडन!"

"त्याले पाणी समजते," रुक्मा म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, पण बाही सोडली नाही तिने.

शालिकरामसारख्या माणसाला गप्प उभं राहायला लावणं यासारखी दुसरी शिक्षा नाही. तो उभा राहिला. दूरवर फकिराने मोटर बंद केली. वाऱ्याने डोंगा आडवा होऊ लागला. मग फकिराने डाव्या हाताने एक डबा पाण्यात तिरपा बुडवला, काठावर गुडघ्याने दाबून धरला आणि भरलेला डबा ओढून आत घेतला. मग दुसरा.

"अरे, हा पाणी बाहेर टाकायचं सोडून आत घेतोय!" साहेबांची छत्री हातातून सुटली. "घाबरलाय तो. नाव पाठवा कोणी तरी!"

शालिकरामलाही वाटलं की गड्याचं डोस्कं फिरलं. तिसरा डबा आत गेला. आणि डोंग्याचं नाक पाण्यातून बोटभर वर आलं. मग आणखी. शेपूट खाली बसलं, जसं परवा बसलं होतं तसंच. फकिराने खटका दाबला. फेस नाही, घुसळण नाही. डोंगा निघाला तो सरळ रेघ ओढल्यासारखा.

"थांबा साहेब!" शालिकराम असा ओरडला की साहेब दचकले. "कोणी जाऊ नका! तो पाह्य, तो पाह्य कसा चालला! वारे पठ्ठे!"

त्या टोकाला फकिराने बसल्या जागेवरूनच जाळं उचललं. डाव्या हाताने ओढायचं, पायाखाली दाबायचं, पुन्हा ओढायचं. वेळ लागला, पण एक दोरी सुटू दिली नाही. मासे काढून त्याच डब्यांत टाकले. परत आला तेव्हा वारा समोरून होता, तरी मोटरचा आवाज जरासुद्धा बसला नव्हता. सेलनी शब्द राखला.

साहेब डोंग्याजवळ गेले. "घाबरवलंस की रे. ते पाणी कशाला भरलं?"

फकिराने एकदा शालिकरामकडे पाहिलं. "मरळ जिती राहाले, साहेब. मरळ पाण्याबिगर मरते." आणि डब्यातली हातभर लांब मरळ शेपटी आपटून साहेबांच्या धोतरावर पाणी उडवून मोकळी झाली.

साहेब हसले. परवाना त्यांनी तिथेच कबूल केला. मग शालिकरामच्या पाठीवर थाप मारली. "वायरमन, तुमचा हिशोब बरोबर निघाला."

आता इथे शालिकराम काय काय बोलला असता! पण तो नुसतं "हो जी" म्हणाला. रुक्मा मात्र डोंग्यापाशी बसून, पदर तोंडाशी धरून मनसोक्त रडत होती.

घरी मथुराने मरळीचा रस्सा केला. शालिकराम खाली मान घालून जेवला. "अजी, बरं नाही का तुमाले?" मथुराने विचारलं. "परवाना भेटला, आन् तुमी बोलून नाही राहिले?" त्याने आणखी भात मागितला आणि विषय टाळला. परवा कोहक्यात फकिराने वजन मागे नको का म्हणून विचारलं होतं, आणि आपण आवाज चढवून त्याला गप्प केलं, हे तिला कसं सांगणार?

पुढच्या रविवारी तो पाना आणि तारांचा गुंडाळा घेऊन मरोद्याला हजर झाला. फकिरा जाळं विंचरत बसला होता.

"सेल मागं घेतो," शालिकराम म्हणाला. जरा थांबला. "तू बरोबर होता. धुराळ बंडी चालते, डोंगा नाही. तुले तं तवाच समजलं होतं. मंग माया नरड्यावर बसून सांगतलं कावून नाही?"

"सांगतलं तं होतं. तू ऐकतं का कोणाचं?" फकिरा हसला. "आन् डबे होते माह्यापाशी. म्हटलं, पाहू."

शालिकराम डोंग्यात उतरून पहिल्या सेलचा नट सोडवायला वाकला. फकिराने डावा हात पान्यावर ठेवला.

"राहू दे तिथंच."

"अबे पण चूक हाये ते!"

"चूक हाये तं असू दे. एकटा असलो तं डबे भरून घेतो, मासे राहाले पाणी तं लागतेच." मग त्याने मागचे डबे उचलून एकेक करून काठावर ठेवले. "आन् रविवारी डबे भराचे नाही. इथं तुई जागा हाये."

शालिकरामने पाना खिशात घातला. मग तो शेपटाशी जाऊन बसला, फकिराच्या शेजारी, आणि डोंग्याने नाक वर उचललं.